जुन्या गाडीत वूफर नको, शब्द ऐकू यावेत



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही आणि मंदिरातलाही नाही. तो गाडीतला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी दहा-बारा वर्षांची एखादी गाडी असते. इंजिन चांगलं असतं, हप्ते कधीच फिटलेले असतात, विकायचं काही कारण नसतं. पण कंपनीनं बसवून दिलेले स्पीकर आता खरखरतात. स्तवन लावलं की चाल कळते, शब्द कळत नाहीत. मग घरात चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, "ॲम्प्लिफायर टाकू, डिक्कीत वूफर ठेवू." वडीलधारी माणसं म्हणतात, "गाडीत कशाला हवीत ही थेरं? मनात णमोकार म्हणा." आणि मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसलेल्या बाईला कुणी काहीच विचारत नाही.

मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. माझं मत असं आहे: दारांतले स्पीकर बदलावेत आणि तिथंच थांबावं. वूफर नको, ॲम्प्लिफायर नको, मोठ्या पडद्याचा टेपही नको. पैसे कमी असतील तर आधी ज्या बाजूला घरातलं ऐकणारं माणूस बसतं, त्या बाजूचे स्पीकर बदलावेत. आणि हा निर्णय आपण घ्यावा. मिक्सर, कुकर, पाण्याचं फिल्टर आपण ठरवतो. मग गाडीत काय आणि कसं ऐकायचं हे का ठरवू नये?

आधी स्पीकर का खराब होतात ते समजून घेऊ. स्वस्त गाड्यांत कंपनी बहुधा कागदाच्या पडद्याचे, छोट्या चुंबकाचे स्पीकर देते. बारीक आवाजासाठी वेगळा ट्विटर नसतो. मधोमध कागदाचाच छोटा शंकू चिकटवलेला असतो. स्पीकर दाराच्या आत असतो आणि पावसाचं पाणी काचेच्या रबराजवळून दारातच उतरतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत हात लावायची सोय नसते. उन्हानं वाळणं, पावसानं दमट होणं, पुन्हा वाळणं, असं दहा वर्षं चाललं की कागद कडक होतो आणि कडेची फोमची पट्टी भुगा होऊन गळते. म्हणून तो खरखरतो. यात कुणाचा दोष नाही, त्याचं वय झालेलं असतं.

आता वूफर का नको ते सांगते. माणसाचं बोलणं समजायला फार खोल आवाज लागत नाही. जुन्या लँडलाइन फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जायचा, तरी माहेरची प्रत्येक गोष्ट आपल्याला त्यातून कळत होती. वूफर काम करतो तो मुख्यतः १०० हर्ट्‌झच्या खाली. म्हणजे प्रवचनातला एकही शब्द वूफर जास्त स्पष्ट करत नाही. उलट रस्त्याची आणि टायरची घरघरही खालच्याच पट्टीतली असते. सोलापूर-धुळे महामार्गावर तुळजापूरहून येडशी-येरमाळ्याकडे जाताना शेजारून ट्रक गेला की जो आवाज येतो, त्यात वूफर आणखी भर घालतो.

शब्द ओळखू येतात ते स, श, च, ट, क, त अशा व्यंजनांमुळे. त्यांचा बराचसा भाग २००० हर्ट्‌झच्या वर असतो. वय वाढलं की कानाला आधी हाच वरचा आवाज कमी ऐकू येऊ लागतो. आमच्या सासूबाई म्हणतात, "आवाज येतो गं, पण काय म्हणतात ते कळत नाही." आपल्याला वाटतं आवाज कमी आहे, म्हणून आपण बटण फिरवतो. मग आपले कान दुखतात आणि त्यांना तरीही कळत नाही. कारण आवाज मोठा असणं आणि स्पष्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातले साधे दोन पदरी स्पीकर, ज्यांच्या मध्यभागी खराखुरा छोटा ट्विटर असतो, त्यांना कोॲक्सियल म्हणतात. ते लावले आणि टेपमधला बेस थोडा कमी केला की हाच वरचा भाग मोकळा होतो.

हे सगळं कशासाठी, तर एका ध्वनिफितीसाठी, असं म्हटलं तरी चालेल. कुंथलगिरी आपल्याच जिल्ह्यातली, भूम तालुक्यातली. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. इथंच चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या ऑगस्टमध्ये सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबर १९५५ ला त्यांची समाधी झाली. त्याआधी दहा दिवस, ८ सप्टेंबरला, सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, महाराज सुमारे २२ मिनिटं बोलले. मराठीत बोलले. ते त्या वेळी यंत्रावर उतरवून घेतलं गेलं आणि आजही ऐकायला मिळतं. संयमाला भिऊ नका, रोज थोडा वेळ तरी आत्म्याचं चिंतन करा, असा त्याचा आशय आहे. ८३ वर्षांचं वय, २६ दिवसांची सल्लेखना, भोज गावच्या मातीतली बोली आणि सत्तर वर्षांपूर्वीचं यंत्र. ही फीत खरखरत्या स्पीकरवर लावली तर महाराज बोलत आहेत एवढंच कळतं. काय म्हणत आहेत ते पोचत नाही.

खरं तेही सांगायला हवं. चांगला स्पीकर मूळ फितीत नाही ते आणून देणार नाही. जुनी सळसळ राहणारच. पण जो शब्द फितीत आहे तो स्पीकरमुळे हरवू नये, एवढं तर आपण करू शकतो. डोळ्यांनी वाचता येत नाही, स्वाध्यायाला मंदिरापर्यंत चालवत नाही, अशी आपल्या घरोघरची थोरली माणसं महिन्यातून एकदा गाडीत बसतात, दवाखान्याला किंवा क्षेत्राला जायला. त्या तासाभरात त्यांच्या कानावर जिनवाणी नीट पडावी, यासाठी दोन-चार हजार रुपये खर्च झाले तर त्याला मी चैन म्हणणार नाही.

समवसरणाची रचना आठवा. बारा कोठे. त्यात मुनी आहेत, देव आहेत, आर्यिका आणि श्राविका आहेत, शेवटी पशुपक्षीसुद्धा आहेत. भगवंतांची दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळते, अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांत, असं आपली परंपरा सांगते. पुढं बसलेल्याला जास्त आणि मागं बसलेल्याला कमी, असं तिथं नाही. गाडीची दुकानं मात्र पुढच्या दोन दारांपासून सुरुवात करतात, कारण पैसे देणारा पुढं बसतो. पुढच्या दारातला स्पीकर गुडघ्याजवळ असतो आणि मागच्या माणसाच्या वाटेत अख्खी सीट येते. म्हणून मी म्हणते, आधी बघा की ऐकणारं कोण आहे. आजी मागच्या सीटवर बसत असतील आणि मागच्या दारात स्पीकरची जागा असेल, तर पहिली जोडी मागं लावा. मागं जागाच नसेल तर पत्रा कापू नका; पुढची जोडी बदला आणि आजींना पुढं बसवा. आपण मागं बसलो तर काही बिघडत नाही.

आता वडीलधाऱ्यांचा आक्षेप, परिग्रहाचा. तो मला हलका वाटत नाही. तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंडविरती व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: कंदर्प, कौत्कुच्य, मौखर्य, असमीक्ष्याधिकरण आणि उपभोगपरिभोगानर्थक्य. शेवटचे दोन आपल्या कामाचे. विचार न करता साधनं जोडत जाणं आणि गरजेपेक्षा जास्त भोगाच्या वस्तू बाळगणं. डिक्कीतला वूफर मला अगदी या शेवटच्या दोनांत बसलेला दिसतो. तो शब्द देत नाही, फक्त छाती हादरवतो. त्याची पेटी अर्धी डिक्की खाते, जिथं पूजेचं सामान, गाळलेल्या पाण्याची कळशी आणि धपाट्यांचा डबा जायला हवा. त्याला ॲम्प्लिफायर लागतो, ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून वेगळी जाड वायर लागते आणि जुन्या गाडीत ती वायर बॅटरीजवळच्या फ्यूजशिवाय ओढली तर आगीची भीती असते. एका वस्तूमागून दुसरी येते, ती अशी.

पण बिघडलेली वस्तू दुरुस्त करून तिच्या कामापुरती नीट ठेवणं हा परिग्रह वाढवणं नव्हे. उलट, "आवाज चांगला नाही, नवीच गाडी घेऊ" हे वाक्य मी किती तरी घरांत ऐकलं आहे. चांगली चालणारी गाडी आणखी पाच वर्षं समाधानानं वापरली जाणार असेल, तर दोन स्पीकर बदलणं हाच परिग्रह कमी ठेवण्याचा मार्ग आहे.

रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार येतात, त्यातला एक दुःश्रुती. मन कलुषित करणारं ऐकणं. कानाचा असा वेगळा विचार आपल्या आचार्यांनी इतक्या आधी करून ठेवला आहे, याचं मला नवल वाटतं. म्हणून प्रश्न स्पीकर असावा की नसावा एवढाच नाही. त्यातून काय वाजतं आणि किती मोठ्यानं वाजतं, हा खरा प्रश्न आहे. जोरजोरात भांडणारी चर्चा, कुणाची तरी नालस्ती, हिंसेनं भरलेली गाणी, हे खरखरत्या स्पीकरवर ऐकलं तरी दुःश्रुतीच.

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. गाडी सुरू झाली की णमोकार मंत्र लावायचा आणि मग सगळ्यांनी मोबाइलवर बोलत बसायचं, ही पद्धत मला आवडत नाही. मंत्र पंख्याच्या आवाजासारखा मागं चालू राहतो आणि कुणाचंच लक्ष नसतं. त्यापेक्षा अर्धा तास लावा, सगळे ऐका आणि बंद करा. गाडी चालवणाऱ्याचं तर पहिलं काम रस्ता बघणं आहे. त्याच्याकडून सामायिकाची अपेक्षा करू नये. प्रमादचर्या हाही अनर्थदंडाचाच प्रकार आहे आणि महामार्गावर प्रमाद फार महाग पडतो.

आवाज किती असावा याचं माझं माप सोपं आहे. मागच्या सीटवरून नेहमीच्या आवाजात बोललेलं पुढच्याला ऐकू आलं पाहिजे, आणि बाहेरचा हॉर्न व रुग्णवाहिकेचा भोंगाही. कानाच्या दृष्टीनं बघितलं तर कामगारांच्या आरोग्यासाठीचं अमेरिकेतलं एक प्रमाण असं आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ८८ असेल तर ४ तास, ९१ असेल तर २ तास. म्हणजे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. गाडीच्या बाहेरच्यांसाठी आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आपल्या घरातला मुलगा वूफर लावून गल्लीतून जातो तेव्हा कुणाचं तरी बाळ झोपेतून उठतं, कुणाचा तरी आजारी माणूस दचकतो. त्याला आपण आवाजाची आवड म्हणून सोडून देतो. मी त्याला हिंसाच म्हणेन, लहान असली तरी.

कुंथलगिरीचीच गोष्ट बघा. पद्मपुराणात कथा येते, की वंशस्थल पर्वतावरून रात्री येणाऱ्या भयंकर आवाजांना भिऊन आसपासचे लोक संध्याकाळी गाव सोडून जात. त्याच पर्वतावर कुलभूषण-देशभूषण मुनी ध्यानात उभे होते आणि तो सगळा त्यांच्यावरचा उपसर्ग होता. राम-लक्ष्मणांनी तो दूर केला. जिथं आवाजाचा उपसर्ग सोसला गेला, त्या क्षेत्राच्या पायथ्याशी आपण धडधडणारी गाडी घेऊन जायचं का? आणि आपल्या भागातल्या रस्त्यांवर विहार करणारे संघ दिसतात. महाराज, माताजी अनवाणी, रस्त्याच्या कडेनं चाललेले असतात. त्यांच्याजवळून जाताना काच वर असली तरी टेप बंद असावा, वेग कमी असावा.

आता खरेदी. दुकानात बहुधा घरातले पुरुष जातील, पण ही यादी त्यांच्या हातात द्या, किंवा सरळ सोबत जा.

सर्वात आधी दोष कुठं आहे ते घरीच तपासा. टेपमध्ये आवाज डावी-उजवीकडे आणि पुढं-मागं नेण्याची सोय असते. ओळखीचं स्तवन मध्यम आवाजात लावून एकेक स्पीकर वेगळा ऐका. कधी कधी एकच फाटलेला असतो. स्तवन व्हॉट्सॲपवर दहा जणांकडून फिरत आलेलं असेल तर मूळ ध्वनीच खराब असू शकतो; पेनड्राइव्हवर चांगली प्रत घेऊन पुन्हा ऐका. सिगारेट लायटरच्या जागी लावायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्र असेल तर सळसळ त्याचीही असू शकते. हे बघायला पैसे लागत नाहीत.

स्पीकर घेताना माप विचारा, म्हणजे दार कापावं लागणार नाही. ४ ओहमचे घ्या. कडेला फोमऐवजी रबर असलेले आणि पडदा पॉलिप्रॉपिलीनचा असलेले दमट हवेत जास्त टिकतात. खोक्यावर वॅट मोठे छापलेले असतात, त्यांना भुलू नका. टेपवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात दर स्पीकरला सलग १५ ते २० वॅटच मिळतात. त्यापेक्षा संवेदनशीलता बघा. ९० डेसिबल किंवा जास्त असेल तर कमी ताकदीतही आवाज स्वच्छ येतो. ३ डेसिबल जास्त असणं म्हणजे दुप्पट ताकद दिल्यासारखं असतं.

आणि हा मुद्दा आपल्यासाठी खास, जो दुकानदार आपणहून सांगणार नाही. बऱ्याच चांगल्या म्हणवणाऱ्या स्पीकरचा ट्विटर "सिल्क डोम" असतो. म्हणजे त्याचा छोटा घुमट रेशमी कापडाचा असतो. रेशीम कसं होतं ते आपल्याला माहीत आहे. कोशातल्या किड्यासकट कोष उकळतात. आपल्यापैकी कितीतरी जणींनी याच कारणासाठी रेशमी साड्या सोडल्या. मग ज्या स्पीकरवर आपण अहिंसेचं प्रवचन ऐकणार, त्यात रेशीम कशाला? खोक्यावर वाचा. मायलर, पीईआय, पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम, टायटॅनियम असे पर्याय सहज मिळतात आणि स्वस्त जोड्यांत तर बहुतेक हेच असतात. नुसतं "टेक्स्टाइल" लिहिलं असेल तर कोणतं कापड, असं विचारा. सीटकव्हर चामड्याचं आहे का, हे आपण विचारतो ना, तसंच हे.

बसवताना तीन गोष्टी बघा. मूळ वायर कापू देऊ नका, जोडायला तयार कपलर मिळतो. अधिक-उणे टोकं दोन्ही बाजूंना सारखी जोडली आहेत ना, ते विचारा. एक उलटं झालं तर आवाज पोकळ येतो. आणि दाराच्या आत प्लास्टिकचा कागद असतो, तो जसा होता तसा परत चिकटवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात पाणी पायाशी येतं. थोडे पैसे उरले तर दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायची ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावून घ्या. पत्र्याची थरथर कमी होते, मग कमी आवाजातही शब्द कळतात आणि टेप बंद असतानाही गाडी थोडी शांत वाटते.

दशलक्षण पर्वाच्या आत ज्यांना हे करून घ्यायचं आहे, त्यांनी या आठवड्यात आधी तपासणी करावी. काम झाल्यावर पहिली परीक्षा मुलाला घेऊ देऊ नका. घरातल्या सर्वात थोरल्या माणसाला त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवा, गाडी रस्त्यावर घ्या, महाराजांची ती २२ मिनिटं लावा आणि त्यांना काय काय कळलं ते विचारा. कळलं असेल तर काम झालं, आणखी काही घ्यायची गरज नाही.

जय जिनेंद्र.